डोळ्यांचा आवाज

आमच्या आत्याला स्वतःच्या डोळ्यांचा आवाज ऐकू यायचा. तांदूळ निवडता निवडता ती सूप खाली ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "थांब व पोरी, डोळे लय खरखर करून राह्यले." बुबुळं इकडून तिकडे गेली की डोक्यात कुणी भिंत घासतंय असा आवाज येतो, असं ती सांगायची. तेही इतक्या सहज, जसं दुसऱ्या कुणी गुडघा दुखतो म्हणून सांगावं. घरातले सगळे हसायचे. मी लहानपणी तिच्या पापणीला कान लावून पाहिला होता. मला काहीच ऐकू आलं नाही आणि आत्या मात्र गुदगुल्या झाल्यासारखी हसत सुटली.

डोळे तर डोळे, तिचं अख्खं अंगच बोलकं होतं. मुरमुरे खाल्ले की तिच्या डोक्यात गिट्टी फुटायची, म्हणून ती ते चहात भिजवून खायची. टाच जमिनीवर टेकली की कानात धप्प व्हायचं, म्हणून ती चवड्यांवर चालायची. आम्ही भावंडं तिला "मांजर" म्हणायचो. स्वतःचं बोलणं तर तिला विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमायचं, त्यामुळे ती जन्मभर हलक्या आवाजात बोलली. परक्या माणसांना वाटायचं, काय गरीब बाई आहे! प्रत्यक्षात आत्या चांगली तिखट होती. फक्त तिच्या शिव्यासुद्धा शेजारणीच्या कानात गुपित सांगावं अशा यायच्या, आणि समोरच्याला शिवी बसलीय हे कळेपर्यंत ती दोन घरं पुढे गेलेली असायची.

आत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत लागला, आणि ती माहेरी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या आमच्या गावात, बौद्ध वस्तीच्या टोकाला दोन खोल्या बांधून राहिली. ती ब्लाउज शिवायची. पुढे मशीनचं पायडल मारलं की आवाज पायातून चढून थेट डोक्यात जातो म्हणून तिने मशीन झाकून ठेवली आणि हाताने फॉल लावणं, हुकं बसवणं एवढंच काम ठेवलं. "आवाज पायातून कानात कसा जाईन व?" असं बायांनी विचारलं की ती म्हणायची, "मले का मालूम? मी का रस्ता बांधला त्याचा?"

खरा त्रास आवाजाचा नव्हता, आवाजाने जे व्हायचं त्याचा होता. कुकरची शिट्टी झाली, कुणी जवळून बँड वाजवत गेलं, की तिच्यासाठी सगळं जग एका बाजूला कलायचं. समोरची भिंत वर सरकायची, पायाखालची जमीन झोपाळ्यासारखी जायची. शिंक येणार असं वाटलं की ती आधी दाराची चौकट धरायची आणि मग शिंकायची. लग्नात ती हळद लावायला हजर आणि वरातीला गायब. एकदा मूलच्या बस-स्टँडवर हॉर्नने ती भेलकांडली, तर कंडक्टर म्हणाला, "सकाळी सकाळीच घेतली का बाई?" आत्याने त्याला हळू आवाजात काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

"जमीन हालते," एवढंच ती सगळ्यांना सांगायची. पुढे पुढे तेही सांगेनाशी झाली. जिथे आवाज असेल तिथे जायचं नाही, आणि माणसं तर नेमकी आवाजातच जमतात. बारशी, लग्नं, मिरवणुका, पोळा, सगळं हळूहळू तिच्या आयुष्यातून निघून गेलं. मी सुट्टीत गेले की ती दाराच्या आत खुर्ची टाकून बसलेली दिसायची. दार अर्धं लावलेलं, हातात कुणाची तरी साडी, फॉलला टाके घालणं चालू. इतकी एकटी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि आमचं गाव काही लहान नव्हतं.

आमच्या घरची गोष्ट थोडी सांगायला हवी. आजोबांनी छप्पन साली चंद्रपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. बाबा त्याच वळणाचे. वीज केंद्रातून निवृत्त होऊन गावी परतले आणि विहार समितीचे अध्यक्ष झाले. लिंबू-मिरची, बुवा-बाबा, अंगात येणं, या गोष्टींचं नाव काढलं तरी ते ताठ व्हायचे. "अंगात यायले आपल्या घराले दारच नाई ठेवलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आणि अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत भर रस्त्यात ते घडलं.

नवरात्रीत गावातल्या देवीची मिरवणूक निघते. ती आमच्या वस्तीकडून कधी जात नसे, पण त्या वर्षी नालीच्या कामासाठी रस्ता खोदला होता म्हणून वळून आली. आत्या हँडपंपावर पाणी भरत होती. ढोल एकदम अंगावर आले. तिला पळता आलं नाही. तिने पंपाची दांडी धरली, मान वाकडी झाली, डोळे वर चढले, अंग डोलायला लागलं आणि ती डोलत डोलतच खाली बसली. वाजवणाऱ्यांना वाटलं, बाईच्या अंगात आली. मग काय, त्यांनी आणखी जोरात वाजवलं. जितकं वाजवलं तितकी ती डोलली. बायांनी धावत येऊन तिच्या कपाळाला कुंकू फासलं, ओटीत लिंबू-नारळ टाकला आणि पाया पडल्या. आत्या सांगत होती, "मले कोणी नाई आलं व बाई, जमीन हालून राह्यली." त्यावर एक म्हातारी म्हणाली, "हाव माय, तूच हालवून राह्यली." पुढे ती काहीही बोलली तरी ते देवीचंच बोलणं ठरलं.

कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. संध्याकाळच्या वंदनेला विहारात तो बाबांच्या आधी पोचला होता.

बाबा तिच्या दारात जाऊन उभे राहिले. घरात नाही गेले. "बाई, हे नाटक बंद कर," म्हणाले. आत्याने अजून कपाळ पुसलेलं नव्हतं, तिला उठून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "नाटक असतं तं चांगलं केलं असतं ना, भाऊ. अशी नालीच्या कडेले पडली असती का?" बाबा आल्या पावली परत फिरले. त्यानंतर त्यांचं बोलणं थांबलं. वस्तीतल्या बाया चांगल्या होत्या, पण अध्यक्षच जात नाहीत तर आपण कसं जावं, असं त्यांचं झालं. विहारातल्या वर्षावासाच्या वाचनाला, पौर्णिमेच्या खिरीला तिला बोलावणं येईना.

आणि गावातल्या बाया मात्र यायला लागल्या. हातात नारळ, डोक्यावर पदर. आत्या नारळ परत करायची, तर त्या दाराशी ठेवून जायच्या. एकीने विचारलं, "माह्या पोरीचं लग्न कवा जमन?" आत्या वैतागून म्हणाली, "मले काऊन इचारते? पोरीले इचार ना." बाईने घरी जाऊन खरंच पोरीला विचारलं. पोरीने कुणीतरी पाहून ठेवलेला निघाला, महिन्याभरात लग्न उरकलं, आणि आत्याच्या दारातले नारळ दुप्पट झाले. हे ती मला हसत हसत सांगत होती, पण सांगून झाल्यावर म्हणाली, "ह्या पाया पडतेत, ते तोंड फिरवतेत. माह्याजवळ बसत कोणीच नाई."

तसं म्हटलं तर एक बसायची. शेजारच्या आळीतली शेवंताबाई रोज दिवेलागणीला वाटीत भाजी घेऊन यायची, उंबऱ्याशी टेकायची आणि गावातल्या बातम्या सांगायची. तीही देवीसाठीच यायची, हे आत्याला माहीत होतं. "येऊ दे बापडी," म्हणायची. "देवीच्या नावानं का होईना, मले दोन शबद भेटतेत."

मी चंद्रपूरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. एकदा आत्या शिंकेच्या वेळी चौकट चुकून पडली आणि मनगट मोडून घेतलं, तेव्हा मी तिला माझ्याकडे घेऊन आले. मनगट जुळलं, चक्कर तशीच. मग आमची दवाखान्यांची वारी सुरू झाली. एकाने बीपी सांगितलं, दुसऱ्याने मानेचे मणके सांगून गळ्यात पट्टा घातला, तिसऱ्याने "वय झालं, आता एवढं चालायचंच" म्हणून बोळवण केली. पट्टा घालून आत्या आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बैलाले घंटी तरी बांधतेत."

शेवटी कान-नाक-घशाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आत्याला बोलायचीच इच्छा उरली नव्हती. मीच आवाजाचं, ढोलाचं सगळं सांगितलं आणि जाता जाता म्हटलं, "तिला स्वतःच्या डोळ्यांचाही आवाज येतो म्हणते." माझी तयारी होती हसू ऐकायची. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आत्याकडे वळून विचारलं, "कोणत्या कानात?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "उजव्या." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. लहान पोरासारखी, हुंदके देऊन. "इतके वर्षं झाले, कोनत्या कानात म्हणून कोणी इचारलंच नाई व माय." डॉक्टरीणबाई थांबल्या. पेशंटची रांग बाहेर होती, तरी थांबल्या.

मग त्यांनी शाळेत विज्ञानाच्या तासाला असायचा तसला नादकाटा काढला, टेबलावर आपटला आणि त्याचा दांडा आत्याच्या पायाच्या घोट्यावर टेकवला. "काही ऐकू येतं?" "कानात वाजून राह्यलं ना," आत्या म्हणाली, जणू हे सगळ्यांनाच होतं. माझ्या घोट्यावर टेकवला तर मला नुसती झिणझिण जाणवली. त्यानंतर तिच्या डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवून उजव्या कानात मोठा घुमणारा आवाज सोडला. समोरच्या पडद्यावर तिची बुबुळं दिसत होती. आवाज सुरू झाला की ती आपोआप वर सरकून गोल फिरत, आवाज थांबला की जागेवर येत. सगळ्या गावाने जिला देवी म्हटलं ती ही. मला तिथे बसल्या बसल्या बाबांची फार आठवण झाली, आणि रागही फार आला.

नागपूरला कानाच्या हाडाचं बारीक स्कॅनिंग झालं. तिथल्या सर्जनांनी फोटो दाखवून समजावलं. कानात खूप आत, तोल सांभाळायला पाण्याने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यातल्या वरच्या नळीवरचं हाडाचं छप्पर विरून तिथे भोक पडलं आहे. त्यामुळे मोठा आवाज नळीतलं पाणी हलवतो, मेंदूला वाटतं आपण फिरतोय, आणि अंगातले बारीक आवाज कानाला मोठे होऊन ऐकू येतात. आत्याने फोटोकडे नीट पाहिलं. "म्हणजे कौल सरकलं म्हणा," म्हणाली. सर्जन हसले. "तेच. ते नळीचं तोंड आम्ही हाडाचा भुगा घालून बुजवून टाकणार. पण त्या कानाचं ऐकणं थोडं कमी होऊ शकतं." आत्या म्हणाली, "कान गेला तरी चालते. चार माणसांत उभं राह्यता आलं पाह्यजे."

मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. धान कापणीचे दिवस, ते बांधावर होते. मी सगळं सांगितलं, थोडं फटकारूनच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बाई खरं बोलत होती." मी म्हटलं, "हे तिला सांगा ना." तर म्हणाले, "कापणी होऊ दे. येतो. फोनवर कसं सांगू?"

ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतरचे आठवडे वाईट होते. डोकं उशीवरून उचललं की खोली फिरायची. हळूहळू ती माझ्या घरातल्या बोळात भिंतीला हात लावून चालायला लागली, मग भिंत सोडून, मग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मान डावी-उजवीकडे फिरवत. एक दिवस तिने मुद्दाम टाच आपटली. पुन्हा आपटली. मग पलंगावर बसून डोळे इकडून तिकडे फिरवून पाहिले. मी विचारलं, "येतो का आवाज?" तिने नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "आंग मुकं झालं व पोरी. पयले कोणी नसलं तरी माहं काळीज धडधड करून मले सोबत देत होतं. आता लय सुनं सुनं वाटते." मी चहा ठेवला.

कापणी झाली, मळणी झाली, आणि बाबा यायच्या आधी गेले. सकाळी अंगणात दात घासता घासता छातीत कळ आली, तेवढंच. मोटारीचे धक्के आत्याला अजून चालणार नव्हते, डॉक्टरांनी सक्त नाही म्हटलं होतं. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली, भिंत न धरता. "त्याले सांग..." म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "काय सांगू आत्या?" ती म्हणाली, "काई नाई. आता का सांगतं." मी माझ्या बाबांना पोचवायला गेले आणि ती तिच्या भावासाठी माझ्या रिकाम्या घरात रडत बसली.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी तिला गावी नेऊन सोडलं. बँड जवळून गेला तरी ती डोलत नाही, ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. नारळ बंद झाले. देवी सोडून गेली, असं बायांनी आपसात ठरवलं, आणि ऑपरेशनने देवी घालवली म्हणून दोघी-तिघी माझ्यावर चिडल्यासुद्धा. शेवंताबाई दोन-चारदा आली. पण आता उंबऱ्याशी टेकायचं की खुर्चीवर बसायचं, हे तिला कळेना, आणि ती यायची थांबली. विहारातल्या बायांनी ऑपरेशन कसं झालं म्हणून वाटेत विचारलं. चुकलो, असं कुणी म्हणालं नाही. कुणी पडलं तर गर्दी होते, नीट उभ्या असलेल्या बाईजवळ कोण थांबतं?

चौदा एप्रिलला मी गावी गेले. नोकरीला लागल्यापासून त्या दिवशी मी चंद्रपूरलाच असायचे, पण आत्या म्हणाली, "या वर्षी ये. मी दारात उभी राहीन." तिने पांढरी साडी नेसली. मी तिचा हात धरायचा नाही, हे तिने मला आधीच बजावलं होतं. मिरवणूक वळणावर आली, निळे झेंडे दिसले आणि ढोल-ताशा आमच्या दारापुढेच दणाणला. मी तिला धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आत्या उभी होती. मान सरळ, डोळे सरळ, दोन्ही पाय जमिनीवर. मी तिच्याकडे बघून हसले, तर तिच्या चेहऱ्यावर नवलच दिसत होतं.

"हे आज वाजवत का आले?" ती म्हणाली. मला कळेना. "दर साली माह्या दारापुढून मुकाट जातेत. मयतीसारखे. त्या नवरात्रीपासून. मी आत कानात बोळे घालून, दार लावून बसत होती, तरी मले समजे. म्हणत होती, एवढा का तिरस्कार, का वाजवतबी नाई माह्या घरापुढं."

तेवढ्यात समितीतले एक काका गर्दीतून घाईघाईने आले, वाजवणाऱ्यांना हाताने थांबवत. "माफ करा बाई, ध्यानातच नाई राह्यलं. तुमचे भाऊ होते तवा तेच सगळ्यात पुढे राहत. वळणावरच्या पिंपळापासूनच हात वर करून वाजंत्री बंद करत. बाईचं घर गेलं का मंगच वाजवा, म्हणत, तिले तरास होते. हे पोरं नवीन, त्याईले कोण सांगन?"

वाजंत्री थांबली होती. सगळी मिरवणूक आत्याच्या दारापुढे गप्प उभी होती. आत्या सरळ उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदराने डोळे पुसत ती काकांना म्हणाली, "वाजवा. आता काई होत नाई मले." ते वाजवत निघाले. शेवटचा झेंडा वळेपर्यंत ती उंबऱ्यावरून हलली नाही.

त्यानंतर ती फार वर्षं जगली नाही, पण दार मात्र तिने पुन्हा कधी दिवसा लावलं नाही. त्या दिवशी मिरवणूक गेल्यावर मी तिला आत चल म्हटलं, तर ती रस्त्याकडे बघत नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "एक साल जरी दार उघडून पायलं असतं व पोरी, तं दिसला असता तो मले. हात वर केलेला."